लाईट गेली तरी सम्प ओसंडू नये म्हणून: नव्या टँकवाल्यांसाठी मार्गदर्शक

सम्प म्हणजे माशांच्या टँकखाली कॅबिनेटमध्ये ठेवलेली दुसरी काचेची टाकी: वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. असा सम्पवाला टँक घेताना दुकानात पंपाच्या ताकदीवर बोलणं होतं, काचेच्या जाडीवर होतं, कॅबिनेटच्या रंगावर तर अर्धा तास होतं. लाईट गेल्यावर काय होईल, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार, मे महिन्यात पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या छाटायची कामं, जूनच्या पहिल्या वादळात तर काही नेमच नाही. म्हणजे वर्षातून कितीतरी वेळा तुमचा पंप अचानक थांबणार आहे, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा तुम्ही घरी नसणार.

सम्प ओसंडला तर पाणी आधी कॅबिनेटच्या प्लायमध्ये मुरतं, मग फरशीवर येतं, आणि फ्लॅट असेल तर काही दिवसांनी खालच्या मजल्यावरचे काका छताला आलेली ओल दाखवायला बोलावतात. मासे सहसा वाचतात. शेजारधर्माचं सांगता येत नाही.

खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच धोरण आहे: पाणी थांबवायचं काम उंचीवर सोपवा, व्हॉल्व्हवर किंवा इन्व्हर्टरवर नको. उंची बिघडत नाही, तिला बॅटरी लागत नाही.

आधी हे जवळ ठेवा

मोजपट्टी, काचेवर न पुसणारा मार्कर, ५ मिलिमीटरचा ड्रिल बिट, बारीक पॉलिश पेपर, दोन बादल्या, जुने टॉवेल, टॉर्च, आणि कागद-पेन. टँक व सम्प बनवताना काचवाल्याने मापं लिहून दिली असतील तर तो कागदही शोधून ठेवा. नसेल तर मापं स्वतः घ्या, आणि आतून घ्या. बाहेरून घेतलेल्या मापात काचेची जाडी धरली जाते आणि आकडा फुगतो.

१. पाणी खाली कुठून येतं ते ओळखा

पंप चालू असताना वरच्या टँकमधली पातळी ओव्हरफ्लोच्या कंगव्यापेक्षा (पाणी आत घेणाऱ्या दातेरी काठापेक्षा) थोडी वर असते. पंप थांबला की तीन ठिकाणचं पाणी खाली येतं.

पहिलं, कंगव्याच्या दात्यांवर चढलेला थर. हा उतरतो आणि आपोआप थांबतो.

दुसरं, ओव्हरफ्लो बॉक्समधलं, म्हणजे कंगव्यामागच्या कप्प्यातलं पाणी. आत उंच स्टँडपाइप (उभा पाइप) असेल तर थोडंच उतरतं. पाइपाचं तोंड बॉक्सच्या तळाजवळ असेल, तर जवळपास सगळा बॉक्स रिकामा होतो.

तिसरं, आणि नव्या माणसाला दिसत नाही ते, रिटर्न पाइपातून उलटं येणारं पाणी. पंप पाणी वर ढकलत होता तोच पाइप आता सायफन होतो, आणि नोझलचं (पाइपाच्या वरच्या टोकाच्या तोटीचं) तोंड जितकं खोल बुडालेलं तितकं पाणी टँकमधून ओढून घेतो. तोंड उघडं पडून हवा आत गेली की ‘सुर्र’ असा आवाज येतो आणि सायफन तुटतो. हा आवाज कानात बसवून घ्या, पुढे उपयोगी पडेल.

सम्प ओसंडतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या वाटेमुळे.

२. कागदावर हिशोब मांडा

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००, की लिटर मिळतात. एवढंच गणित लागतं.

चार फूट बाय दीड फुटाचा टँक धरू, म्हणजे १२० बाय ४५ सेंटिमीटर. यात पातळी १ सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. नोझलचं तोंड चालू पातळीपासून ४ सेंटिमीटर खाली असेल तर २१.६ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्स २० बाय १२ सेंटिमीटरचा असून ४० सेंटिमीटर रिकामा होत असेल तर आणखी ९.६ लिटर. एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर मावतं. दोन मीटरचा एक लिटर धरा. एकूण ३२ लिटरच्या आसपास.

आता खालची जागा. सम्प ९० बाय ३५ सेंटिमीटर, उंची ४० सेंटिमीटर. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: पंप चालू असताना सम्पमध्ये सगळीकडे सारखी पातळी नसते. आधीचे कप्पे मधल्या आडव्या काचेपर्यंत भरलेले असतात, आणि कमी-जास्त होते ती फक्त पंपाच्या कप्प्यातली पातळी. मधली काच २५ सेंटिमीटर उंच, पंपाचा कप्पा ३० सेंटिमीटर लांब आणि त्यात पाणी २० सेंटिमीटर असेल, तर आधी तो कप्पा २५ पर्यंत भरेल: ५.२५ लिटर. त्यानंतर पूर्ण सम्प एकत्र चढेल, सेंटिमीटरला ३.१५ लिटर या दराने. काठाच्या ४ सेंटिमीटर खाली थांबायचं ठरवलं तर ११ सेंटिमीटर, म्हणजे ३४.६५ लिटर. एकूण जागा सुमारे ४० लिटर. ३२ येणार, ४० ची सोय. ठीक.

पण आता काच पुसताना हात लागून ते वळणारं नोझल ४ सेंटिमीटर आणखी खाली झुकलं असं समजा. खाली येणारं पाणी ५३.८ लिटर झालं. सम्प अगदी काठापर्यंत भरला तरी ५२.५ लिटरच मावतात. उरलेलं फरशीवर! म्हणून तुमचे आकडे मांडा, आणि मांडताना नोझल खालच्या टोकाला झुकलंय असं धरून मांडा.

सम्पमधला स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), जाळ्या, फिल्टर मीडियाच्या म्हणजे पाणी गाळणाऱ्या मालाच्या पिशव्याही जागा खातात. हिशोब काठोकाठ जुळत असेल तर तो जुळत नाही असंच समजा.

३. रिटर्नचं तोंड वर आणा, मग भोक पाडा

सगळ्यात स्वस्त उपाय: नोझल पाण्याच्या पृष्ठभागाच्या लगेच खाली, एक-दोन सेंटिमीटरवर ठेवा. पृष्ठभाग हलता राहतो, प्राणवायू चांगला मिसळतो, आणि लाईट गेल्यावर तोंड लगेच उघडं पडतं. वरच्या उदाहरणात नोझल ४ ऐवजी १.५ सेंटिमीटरवर आणलं तर साडेतेरा लिटर तिथेच वाचतात.

खोलात प्रवाह हवाच असेल तर पाइपाला सायफन तोडणारं भोक पाडा. पंप बंद करून पाइप टँकमधून काढा (पाण्याशेजारी वीजेचं ड्रिल चालवू नका), चालू पातळीपासून सुमारे १ सेंटिमीटर खाली येईल अशा जागी ५ मिलिमीटरचं भोक पाडा, कडा पॉलिश पेपरने साफ करा. भोकाचं तोंड टँकच्या आतल्या बाजूला ठेवा. ते पाण्याच्या वर राहिलं तर पिचकारी उडून झाकणावर, दिव्यावर जाते. एकाऐवजी दोन भोकं पाडलीत तर उत्तम.

दोन का, ते महिनाभरात कळतं. भोकावर शेवाळ धरतं. गोड्या पाण्यात बारीक गोगलगाई असतील तर नेमकी एखादी तिथेच येऊन बसते. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मिठाचा आणि चुन्याचा थर. एकदा टॉर्च मारून पाहिलं तर दुरून स्वच्छ दिसणाऱ्या भोकात हिरवी बुळबुळीत गुठळी बसलेली, आणि टूथपिक घातल्यावर तिच्यामागून मोहरीएवढी गोगलगाय निघाली. पाणी बदलायच्या दिवशी टूथपिक फिरवायची सवय लावून घ्या.

४. एनआरव्ही: असला तर असू द्या

एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. ‘एनआरव्ही लावा आणि बिनधास्त रहा’ असं तुम्हाला प्लंबर सांगेल, दुकानदार सांगेल. बोअरवेलच्या स्वच्छ पाण्यात तो चांगलं काम करतोही. माशांच्या टँकमध्ये पानाचा तुकडा, शेवाळाचा धागा, वाळूचा कण त्याच्या झडपेत अडकतो आणि ती पूर्ण मिटत नाही. थेंबथेंब गळतं, आणि रात्रभर लाईट नसेल तर तेवढं थेंबथेंब पुरतं. शिवाय त्याने पंपाचा प्रवाहही कमी होतो.

लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) टाका, म्हणजे उघडून धुता येईल. सोल्युशनने कायमचा चिकटवलेला व्हॉल्व्ह कोणी धूत नाही. आणि हिशोब करताना तो नाहीच असं धरा.

५. पंप बंद ठेवून पाणी भरा आणि रेघ मारा

या लेखातून एकच पायरी करणार असाल तर ही करा.

बहुतेक जण पंप चालू ठेवून सम्प ‘छान भरलेला’ दिसेपर्यंत पाणी ओततात. उलट करायचं असतं.

पंप कमी पाण्यावर सुरू करा, वरचा टँक भरून ओव्हरफ्लोमधून नीट उतरू द्या. मग स्विच बंद करा. हात लावायला तयार रहा, पण लावू नका. पाणी उतरू द्या. ‘सुर्र’ ऐका. त्यानंतरही पाचेक मिनिटं थांबा, कारण कंगव्यावरचा शेवटचा थर सावकाश उतरतो. आता, सगळं थांबलेलं असताना, सम्पमध्ये काठाच्या ४ ते ५ सेंटिमीटर खालपर्यंत पाणी भरा. पंप सुरू करा. पातळी स्थिरावली की पंपाच्या कप्प्याच्या काचेवर, बाहेरून, मार्करने रेघ मारा.

ही तुमची कमाल रेघ. पंप चालू असताना पाणी कधीही या रेघेच्या वर भरायचं नाही. बाष्पीभवनाने कमी झालं तर रेघेपर्यंतच, पाणी बदललं तरी रेघेपर्यंतच. घरातल्या इतरांनाही दाखवून ठेवा. आणि लाईट नसताना सम्पमध्ये पाणी टाकायचं नाही, कारण त्या वेळी रेघेचा काही अर्थ नसतो.

दुसरी एक परीक्षा याच वेळी उरकून घ्या. ओव्हरफ्लोचं तोंड पानांनी बंद झालं आणि पंप मात्र चालूच राहिला, तर पंप आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर नेईल. वरच्या उदाहरणात पंपाचा कप्पा ३० बाय ३५ सेंटिमीटरचा. २० वरून ६ सेंटिमीटरपर्यंत ओढला तर १४.७ लिटर. वरच्या टँकमध्ये काठापर्यंत ३ सेंटिमीटर जागा असेल तर १६.२ लिटर मावतात. बसतंय. हाच कप्पा २५ पर्यंत भरला असता तर वरून सांडलं असतं. म्हणजे खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही हिशोबांतून जी कमी पातळी येईल ती तुमची रेघ.

६. लाईट परत येते तेव्हाचे घोटाळे

लाईट जाताना सगळं ठीक झालं म्हणून सुटलात असं नाही. आपल्याकडे लाईट एका दमात येत नाही. येते, जाते, परत येते.

स्किमर असेल तर सम्पची पातळी चढलेली असताना तो सुरू होतो, आणि फेसाऐवजी थेट पाणी कपात भरून बाहेर येतं. त्याला दहा मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर लावा. स्मार्ट प्लग वापरत असाल तर वीज परतल्यावर तो चालू होतो की बंद राहतो, हे सेटिंग बघून ठेवा.

आपोआप पाणी भरणारी यंत्रणा असेल तर तिलाही उशीर हवा. पंप सुरू झाल्यावर वरचा टँक भरेपर्यंत पंपाच्या कप्प्यात पातळी काही क्षण खूप खाली जाते. पातळी ओळखणाऱ्या फ्लोटला वाटतं पाणी आटलंय, आणि तो नको तेवढं ओततो. त्याच यंत्रणेच्या नळीचं टोक सम्पच्या पाण्यात बुडालेलं नको, पातळीच्या वर हवेत हवं. साठ्याचा डबा सम्पपेक्षा उंच असेल तर बुडालेली नळी सायफन होऊन सगळा डबा सम्पमध्ये ओतते, आणि त्यासाठी लाईट असावी लागत नाही.

हीटर पंपाच्या कप्प्यात ठेवू नका. पातळी खाली गेली की तापलेली काच उघडी पडते आणि नंतर पाणी चढलं की तडकते. मधल्या, स्थिर पातळीच्या कप्प्यात आडवा ठेवा.

७. काठावर टांगलेला ओव्हरफ्लो असेल तर

टँकला भोक पाडलेलं नाही आणि उलट्या यू नळीने पाणी खाली आणताय, तर तुमचा धोका वेगळा आहे. लाईट जाताना पाणी बेताने थांबतं. लाईट आल्यावर यू नळीत हवा साठलेली असेल तर ओव्हरफ्लो सुरूच होत नाही, पंप मात्र पाणी चढवत राहतो, आणि सांडतं ते वरच्या टँकमधून. नळीतले बुडबुडे रोज बघा, आणि पायरी ५ मधली दुसरी परीक्षा अजिबात चुकवू नका. टँक अजून बनायचा असेल तर काचवाल्याकडून भोक पाडूनच घ्या. भरलेल्या टँकला नंतर भोक पाडता येत नाही, आणि टफन काचेला तर कधीच नाही, ती फुटते.

८. वीज, वायर आणि इन्व्हर्टर

एक्स्टेन्शन बोर्ड कॅबिनेटच्या तळाला ठेवू नका. बाजूच्या भिंतीला वर ठोका, जमलं तर कॅबिनेटच्या बाहेर. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. सम्पमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद.

रिटर्न पंप इन्व्हर्टरवर टाकला म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं. मिटत नाही, पुढे ढकलला जातो: बॅटरी संपते ती पहाटे, तुम्ही झोपेत असताना. म्हणून इन्व्हर्टर असला तरी वरच्या पायऱ्या गाळायच्या नाहीत. शिवाय स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप घरघरतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह घ्या. आधी इन्व्हर्टरवर टाकायचा तो एअर पंप. पाचेक वॅटमध्ये तो मासे जगवतो. रिटर्न पंपाला त्याच्या कितीतरी पट वीज लागते.

पण तो एअर पंप ठेवलाय कुठे? कॅबिनेटमध्ये, पाण्याच्या पातळीखाली? मग तो थांबला की त्याची बारीक नळीच सायफन होते आणि टँकचं पाणी पंपातून थेट बोर्डाकडे. तो टँकच्या पातळीपेक्षा वर टांगा. जागाच नसेल तर नळीला तिचा छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह लावा आणि दर वर्षी बदला.

९. परीक्षा परत कधी घ्यायची

पंप धुतल्यावर. हे लोकांना पटत नाही, पण मळलेला पंप कमी पाणी फेकतो. धुतल्यावर प्रवाह वाढतो, कंगव्यावरचा थर जाड होतो आणि खाली येणारं पाणी वाढतं. नोझल हलवल्यावर. नवा पंप, नवा पाइप किंवा सम्पमध्ये नवीन काही ठेवल्यावर. आणि यातलं काहीच केलं नाही तरी महिन्यातून एकदा: स्विच बंद, ‘सुर्र’, पाच मिनिटं, पातळी बघा, स्विच चालू. आवाज नेहमीपेक्षा उशिरा आला तर भोक तुंबलंय.

१०. गणपतीला गावाला जाताना

जायच्या आदल्या दिवशी भोक साफ करा, नोझल तपासा, परीक्षा घ्या. फिल्टरचा मोजा (पाणी गाळणारी कापडी पिशवी) तुंबलेला असेल तर बदला, कारण त्याच्यावरून चढलेलं पाणी पातळीचा अंदाज चुकवतं. आपोआप पाणी भरणाऱ्या डब्यात एवढंच पाणी ठेवा, की ते सगळं सम्पमध्ये आलं आणि त्याच वेळी लाईट गेली तरी मावेल.

चावी शेजारी देऊन जाणार असाल तर कॅबिनेटच्या दाराच्या आत कागद चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरात: लाईट नसताना पाणी टाकू नये. पंप चालू असताना रेघेच्या वर पाणी भरू नये. पाणी सांडलेलं दिसलं तर कशालाही हात न लावता आधी हॉलमधला अमुक स्विच बंद करावा, मग फोन करावा. आणि त्या स्विचवर रंगीत टेप लावून ठेवा, कारण ‘डावीकडून तिसरा’ हे फोनवर सांगून कळत नाही.